उझदिन : सर्बियातले रोमानियन गाव

उझदिन हे सर्बियाच्या उत्तरेकडील वोयवोदिना या स्वायत्त प्रांतातले शेतकऱ्यांचे गाव आहे. राजधानी बेलग्रेडच्या ईशान्येला, मोटारीने तास-सव्वा तासाच्या अंतरावर, तामिश नदीजवळच्या सपाट काळ्या जमिनीत ते वसले आहे. गावातले बहुसंख्य लोक वंशाने रोमानियन आहेत. त्यांची मायबोली रोमानियन, पंथ ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि नागरिकत्व सर्बियाचे. गावात बहुसंख्य असलेला हा समाज देशात मात्र अगदी छोटा अल्पसंख्य समाज ठरतो. गेल्या अडीचशे वर्षांत या भागावर ऑस्ट्रियाचे सम्राट, हंगेरीचे सरकार, युगोस्लाव्हियाचे राजे, जर्मन सैन्य, साम्यवादी युगोस्लाव्हिया आणि आजचे सर्बिया अशा एकामागून एक सत्ता आल्या. या सगळ्या काळात गावाची भाषा टिकली. ती आपोआप टिकली नाही. चर्च, शाळा, वर्तमानपत्र, गायनमंडळे आणि घरातल्या बायकांची कला यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेली. या भाषेला आज धोका आहे तो बंदीचा नव्हे, रिकाम्या होणाऱ्या घरांचा.

बानात : वसवलेला प्रदेश

उझदिन ज्या प्रदेशात आहे त्याचे नाव बानात. दक्षिणेला डॅन्यूब, पश्चिमेला तिसा, उत्तरेला मुरेश या नद्या आणि पूर्वेला कार्पेथियन पर्वताच्या रांगा अशा त्याच्या चतुःसीमा आहेत. १५५२ पासून तो ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात होता. १७१६ मध्ये हाब्सबर्ग सेनापती युजीन ऑफ सॅव्हॉय याने तिमिशोआराचा किल्ला घेतला आणि १७१८ च्या पासारोविट्झच्या तहाने बानात व्हिएन्नाच्या अंमलाखाली आला.

लढायांनी उजाड झालेला आणि जागोजागी दलदलीने व्यापलेला हा मुलूख पुन्हा लागवडीखाली आणायचा, तर माणसे हवी होती. म्हणून व्हिएन्नाच्या दरबाराने अठराव्या शतकात येथे पद्धतशीर वसाहत केली. दलदलीचे पाणी काढण्यासाठी कालवे खणले गेले. जर्मन कुटुंबे डॅन्यूब नदीतून होड्यांनी आणून वसवली गेली. सर्ब आणि रोमानियन शेतकरी येथे आधीपासून होतेच. पूर्वेकडच्या डोंगराळ बानातातून, उत्तरेच्या क्रिशाना भागातून आणि डॅन्यूबपलीकडच्या ओल्टेनियातून आणखी रोमानियन कुटुंबे मैदानात उतरली. पुढे स्लोवाक, हंगेरियन, चेक आणि बल्गेरियन वसाहतीही उभ्या राहिल्या. उझदिनची रोमानियन वस्ती या लाटेतली, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे.

या वसाहतीचा आराखडा गावाच्या रचनेत आजही दिसतो. बानातमधली अनेक गावे शासकीय मोजणीदारांनी आधी कागदावर आखली आणि मग जमिनीवर उतरवली. त्यामुळे रस्ते सरळ, रुंद आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे आहेत. प्रत्येक घराला रस्त्याकडे अरुंद तोंड असलेला, पण मागे खोलवर गेलेला भूखंड मिळे. घराची आखूड बाजू रस्त्याला लागून असते आणि खोल्या एकामागे एक अशा आत जातात. त्यांच्या लगत अंगणाच्या बाजूने लांब ओसरी असते. मागे गोठा, मक्याच्या कणसांचे कोठार, परसबाग आणि शेवटी बाग. मैदानात दगड मिळत नाही, म्हणून जुन्या घरांच्या भिंती धुमसलेल्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या आहेत. जमीन मात्र युरोपातल्या अत्यंत सुपीक जमिनींपैकी एक आहे. गहू, मका, सूर्यफूल आणि साखरबीट ही तिथली मुख्य पिके.

सैनिकी सीमेवरचे शेतकरी

तुर्की साम्राज्याची हद्द डॅन्यूबपलीकडेच असल्यामुळे दक्षिण बानातची पट्टी लष्करी सीमाप्रदेश म्हणून राखून ठेवली गेली. उझदिन या पट्टीत, जर्मन-बानात रेजिमेंटच्या क्षेत्रात होते. येथला शेतकरी जमीनदाराचा वेठबिगार नव्हता. त्याला जमीन सम्राटाकडून मिळे आणि तिच्या बदल्यात त्याच्या घराला सैनिक पुरवावा लागे. शांततेच्या काळात सीमेवर पहारा आणि युद्धाच्या काळात दूरच्या मोहिमा, असे हे कर्तव्य होते. घरातला एक पुरुष सैन्यात गेला तरी शेत पडीक राहू नये, यासाठी भावाभावांची एकत्र कुटुंबे टिकवण्यावर शासनाचा भर असे. गावाचा कारभार लष्करी अधिकारी पाहत.

या व्यवस्थेचे परिणाम खोलवर गेले. सीमाप्रदेशातली माणसे शिस्तीची, स्वतःच्या जमिनीचा अभिमान बाळगणारी आणि लेखन-वाचनाशी तुलनेने लवकर परिचय झालेली होती. उझदिनचे शेजारगाव असलेल्या इद्वोर या सर्ब गावात १८५४ मध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ मिहायलो पुपिन यांनी आपल्या आत्मचरित्रात या सीमावासी शेतकऱ्यांच्या स्वाभिमानाचे चित्र रेखाटले आहे. अमेरिकेत नाव कमावलेल्या पुपिन यांच्या त्या ग्रंथाला १९२४ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करी सीमाप्रदेश बरखास्त झाला आणि ही गावे हंगेरीच्या मुलकी प्रशासनाखाली गेली.

चर्च आणि अक्षरओळख

उझदिनच्या मध्यभागी सेंट जॉर्जचे ऑर्थोडॉक्स चर्च आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, मध्य युरोपातल्या बरोक शैलीत ते बांधले गेले. बाहेरून पाहिले तर ते कॅथलिक चर्चसारखे भासते, कारण हाब्सबर्ग राज्यातल्या ऑर्थोडॉक्स चर्चनीही उंच मनोरा आणि लांबट सभागृह ही पद्धत स्वीकारली होती. आत मात्र पूर्वेकडची परंपरा जपलेली आहे. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गाभारा आणि सभामंडप यांच्यामध्ये संतचित्रांची उंच लाकडी भिंत असते. तिला आयकॉनोस्टॅसिस म्हणतात. उझदिनच्या चर्चमधली ही भिंत कॉन्स्टान्टिन दानिल या नामवंत चित्रकाराने १८३० च्या दशकात रंगवली. बानातमधल्या या चित्रकाराने पांचेवो आणि तिमिशोआरा येथील सर्ब चर्चसाठीही अशीच कामे केली. त्याला सर्ब आणि रोमानियन दोघेही आपला मानतात. बानातच्या संमिश्र संस्कृतीचा तो ठळक प्रतिनिधी आहे.

बराच काळ बानातचे सर्ब आणि रोमानियन एकाच धर्मपीठाखाली होते. हाब्सबर्ग साम्राज्यातल्या ऑर्थोडॉक्सांचे मुख्य पीठ कार्लोव्हत्सी येथे होते आणि तेथे सर्ब धर्मगुरूंचे वर्चस्व होते. प्रार्थना रोमानियन भाषेत व्हावी, धर्मगुरू रोमानियन असावा, अशी मागणी एकोणिसाव्या शतकात वाढत गेली. ट्रान्सिल्व्हेनियाचे बिशप आंद्रेई शागुना यांच्या प्रयत्नांनी १८६४ मध्ये रोमानियनांसाठी स्वतंत्र महाधर्मपीठ स्थापन झाले. मिश्र वस्तीच्या गावांमध्ये चर्च कोणाचे, जमीन कोणाची यावरून वाद झाले आणि खटले चालले. उझदिनसारख्या एकजिनसी रोमानियन गावांना मात्र या बदलामुळे हक्काची संस्था मिळाली. चर्चच्या आधाराने वाचन, गायन आणि शिक्षण रोमानियन भाषेत रुजले.

या संस्थेची खरी कसोटी पुढच्या काळात लागली. १८६७ नंतर हंगेरीच्या सरकारने शिक्षणात हंगेरियन भाषेचा आग्रह वाढवत नेला. १९०७ च्या आपोन्यी कायद्याने धर्मसंस्थांच्या शाळांवरही हंगेरियनची सक्ती वाढली. अशा वेळी चर्चचे गायनवृंद, वाचनालये आणि शेतकऱ्यांची मंडळे ही भाषेची आश्रयस्थाने बनली. बानातच्या रोमानियन गावांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चार आवाजांत गाणारे शेतकऱ्यांचे गायनवृंद आणि पितळी वाद्यांचे बँड उभे राहिले. दिवसा नांगर धरणारी माणसे रात्री स्वरलिपी वाचून तालीम करत.

सीमारेषा गावांच्या मधून गेली

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळले. बानातवर रोमानिया आणि सर्बिया या दोन्ही विजयी देशांनी हक्क सांगितला. पॅरिसच्या शांतता परिषदेत प्रदेशाची वाटणी झाली. साधारण दोन तृतीयांश भाग रोमानियाला, जवळपास एक तृतीयांश भाग सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या नव्या राज्याला आणि सेगेदजवळचा छोटा कोपरा हंगेरीला गेला. वस्ती इतकी मिसळलेली होती की कोणतीही रेषा आखली तरी दोन्ही बाजूंना अल्पसंख्य राहणारच होते. रोमानियाच्या हद्दीत सर्ब गावे राहिली, तर उझदिन, तोराक, ग्रेबेनात्स आणि इतर अनेक रोमानियन गावे पुढे युगोस्लाव्हिया बनलेल्या राज्यात आली. वर्शात्स हे या रोमानियनांचे प्रमुख शहर ठरले.

सुरुवातीच्या वर्षांत शिक्षकांची मोठी टंचाई होती. शिकलेले अनेक रोमानियन सीमेपलीकडे निघून गेले होते. १९३३ मध्ये दोन्ही देशांत शाळांविषयी करार झाला. त्यानुसार रोमानियातून शिक्षक युगोस्लाव्ह बानातमध्ये येऊ लागले आणि मातृभाषेतल्या शाळांना स्थैर्य आले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४४ या काळात, हा भाग जर्मन लष्करी अंमलाखाली होता. युद्ध संपता संपता येथील जर्मन रहिवाशांना पळ काढावा लागला किंवा त्यांना छावण्यांमध्ये टाकून नंतर देशाबाहेर घालवले गेले. दोनशे वर्षांचा एक शेजारी समाज बानातमधून जवळजवळ नाहीसा झाला.

साम्यवादी काळ : वर्तमानपत्र, नभोवाणी, शाळा

नव्या युगोस्लाव्हियाने अल्पसंख्याकांच्या भाषांना संस्थात्मक आधार दिला. १९४५ मध्ये वर्शात्स येथे ‘लिबेर्तातेया’ हे रोमानियन वर्तमानपत्र सुरू झाले. पुढे ते पांचेवोहून निघू लागले. १९४७ मध्ये ‘लुमिना’ हे साहित्यिक नियतकालिक आले. त्याच्या स्थापनेत ग्रेबेनात्स गावी १९२२ मध्ये जन्मलेले वास्को पोपा अग्रभागी होते. पोपा पुढे सर्बियन भाषेतले विसाव्या शतकातले एक थोर कवी म्हणून जगभर ओळखले गेले. नोव्ही साद नभोवाणीवरून १९४९ पासून रोमानियन कार्यक्रम प्रसारित होऊ लागले. गावातला माणूस शेतीच्या बातम्या, लोकगीते आणि नाटके आपल्या भाषेत ऐकू शकत होता.

याच काळात रोमानियाशी थेट संबंध मात्र तुटले. १९४८ मध्ये टिटो आणि स्टालिन यांच्यात फूट पडली आणि रोमानिया सोव्हिएत गोटात असल्याने सीमा कडेकोट बंद झाली. रोमानियाच्या सरकारने जून १९५१ मध्ये युगोस्लाव्ह सीमेलगतच्या पट्ट्यातून सुमारे ४० हजार लोकांना उचलून बारागानच्या ओसाड मैदानात नेऊन टाकले. त्यांत सर्ब, जर्मन आणि रोमानियन असे सगळेच होते. सीमेच्या अलीकडचे रोमानियन त्यामुळे काही वर्षे आपल्याच भाषेच्या मुख्य प्रदेशापासून तोडले गेले. या एकाकीपणामुळे स्थानिक लेखक, शिक्षक आणि पत्रकार यांची जबाबदारी वाढली. पाठ्यपुस्तके येथेच तयार करावी लागली आणि एक छोटे, पण स्वतःच्या पायांवर उभे असलेले साहित्यविश्व घडले.

चित्रकार शेतकरणी

उझदिनचे नाव देशाबाहेर पोहोचवले ते गावातल्या चित्रकार बायकांनी. जवळच्या कोवाचित्सा या स्लोवाक गावात १९३९ पासून शेतकरी स्वतःहून चित्रे काढू लागले होते. कोणत्याही कलाशाळेत न शिकलेल्या या लोकांच्या चित्रांना ‘नाईव्ह’ म्हणजे निरागस शैलीची कला म्हटले जाते. कोवाचित्साच्या या परंपरेचा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला.

कोवाचित्सामध्ये सुरुवात पुरुषांनी केली. उझदिनमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभापासून ही कला प्रामुख्याने बायकांनी आपलीशी केली. आनुइका मारान, मारिया बलान, फ्लोरिका पुया, सोफिया दोक्लेआन या त्यांतल्या ठळक चित्रकर्त्री. शेतातली आणि घरातली कामे उरकल्यावर त्या रंग हातात घेत. लग्नाची मिरवणूक, ईस्टरची तयारी, सुताची कताई, मक्याची काढणी, बर्फातल्या घरात जमलेल्या शेजारणी हे त्यांचे विषय.

त्यांच्या रंगांचे मूळ भरतकामात आणि विणकामात शोधावे लागते. बानातच्या रोमानियन बायकांचा पारंपरिक पोशाख सोनेरी धाग्यांच्या कशिद्यासाठी प्रसिद्ध आहे. विवाहितेची ‘चापसा’ नावाची टोपी भरतकामाने पूर्ण मढवलेली असते. कमरेला बांधायच्या ‘ओप्रेग’ या वस्त्राचा वरचा भाग विणलेला असतो आणि त्याखाली रंगीत धाग्यांच्या लांब झालरी लोंबतात. रेषा आखणे, आकृत्यांची पुनरावृत्ती करणे आणि लाल, निळा, सोनेरी असे भडक रंग शेजारी बसवणे हे कसब या बायकांच्या हातात आधीच होते. कापडावरून ते कॅनव्हासवर आले. रोजच्या पोशाखातून तो पेहराव निघून गेला असला, तरी चित्रांमध्ये त्याचा तपशील टाक्यासकट टिकून आहे. म्हणून ही चित्रे सुंदर आहेत तशीच लोकजीवनाचे दस्तऐवजही आहेत.

सण आणि नाती

गावाचे वर्ष चर्चच्या आणि शेतीच्या पंचांगाने चालते. सर्ब आणि रोमानियन दोघेही ऑर्थोडॉक्स असले तरी त्यांचा नाताळ वेगवेगळ्या दिवशी येतो. सर्ब चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला नाताळ साजरा करते. रोमानियन चर्चने १९२४ मध्ये सुधारित पंचांग स्वीकारल्यामुळे रोमानियनांचा नाताळ २५ डिसेंबरला असतो. ईस्टर मात्र ही दोन्ही चर्च एकाच दिवशी पाळतात. नाताळात मुले दारोदार ‘कोलिंदा’ म्हणजे नाताळगीते गात फिरतात आणि घरोघरी त्यांना सुकामेवा, खाऊ किंवा पैसे मिळतात.

चर्चच्या संतरक्षकाच्या दिवशी ‘रुगा’ भरते. बानातमधल्या प्रत्येक रोमानियन गावाची स्वतःची रुगा असते. त्या दिवशी प्रार्थना होते, घरोघरी पाहुण्यांची पंगत बसते आणि संध्याकाळी वाद्यांच्या साथीने फेर धरून नाच होतो. बाहेरगावी गेलेली माणसे या दिवशी आवर्जून परत येतात. मृतांच्या स्मरणार्थ ‘पोमाना’ घालण्याची प्रथाही घट्ट आहे. मृत्यूनंतर ठरावीक दिवसांनी नातलगांना आणि शेजाऱ्यांना जेवू घातले जाते आणि मृताच्या नावाने वस्तू दान केल्या जातात. लग्नात आणि बाप्तिस्म्यात धर्मपित्याचा मान मोठा असतो, आणि हे नाते दोन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते.

घरात बोलली जाते ती रोमानियनची बानाती बोली. तिचे उच्चार प्रमाण रोमानियनपेक्षा वेगळे आहेत आणि तिच्यात सर्बियन, जर्मन व हंगेरियन शब्द बरेच मिसळले आहेत. प्रमाणभाषा शाळेत, चर्चमध्ये आणि वर्तमानपत्रात भेटते. सर्बियन सगळ्यांनाच येते. त्यामुळे सामान्य उझदिनकर रोज या तीन भाषारूपांमध्ये सहज ये-जा करतो.

चार भाषांची नगरपालिका

उझदिन कोवाचित्सा नगरपालिकेत मोडते. या एका नगरपालिकेत आठ वस्त्या आहेत. कोवाचित्सा आणि पादिना येथे स्लोवाक, देबेल्याचा येथे हंगेरियन, उझदिनमध्ये रोमानियन, तर इद्वोर, सामोश, त्सरेपाया आणि पुतनिकोवो येथे सर्ब बहुसंख्य आहेत. सर्बियन, स्लोवाक, हंगेरियन आणि रोमानियन या चारही भाषांना नगरपालिकेत अधिकृत स्थान आहे. वोयवोदिना प्रांताच्या पातळीवर सर्बियनसह सहा भाषा अधिकृत वापरात आहेत आणि रोमानियन त्यांपैकी एक आहे.

सर्बियाच्या कायद्यानुसार एखाद्या अल्पसंख्य समाजाची संख्या नगरपालिकेच्या लोकसंख्येच्या १५ टक्क्यांवर गेली की त्याची भाषा तेथे अधिकृत करावी लागते. वोयवोदिनामध्ये एखाद्या गावात हे प्रमाण २५ टक्के असले तरी त्या गावापुरती तरतूद करता येते. गावाच्या पाट्या, दाखले आणि कार्यालयातला व्यवहार यांत ती भाषा वापरता येते. पहिलीच्या वर्गासाठी १५ विद्यार्थ्यांनी मागणी केली की मातृभाषेतला वर्ग सुरू होतो. संख्या कमी असल्यास शिक्षण खात्याच्या परवानगीने तो चालवता येतो. जेथे पूर्ण शिक्षण शक्य नाही, तेथे मातृभाषा हा स्वतंत्र विषय म्हणून शिकता येतो. शिक्षण, संस्कृती, प्रसारमाध्यमे आणि भाषेचा अधिकृत वापर या चार क्षेत्रांत समाजाची बाजू मांडण्यासाठी निवडून आलेली राष्ट्रीय परिषद असते. रोमानियनांच्या परिषदेचे मुख्यालय वर्शात्सला आहे. प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांच्या युरोपीय सनदेला सर्बियाने २००६ मध्ये मान्यता दिली असून रोमानियनचा तिच्यात समावेश आहे. लेखी हक्कांच्या बाबतीत या समाजाची स्थिती युरोपातल्या अनेक अल्पसंख्याकांपेक्षा चांगली आहे.

घटती संख्या

हक्क असूनही माणसे कमी होत आहेत. १९४८ च्या जनगणनेत वोयवोदिनामध्ये ५९ हजारांहून अधिक लोकांनी आपली नोंद रोमानियन म्हणून केली होती. १९९१ मध्ये ही संख्या सुमारे ३८,८०० झाली, २००२ मध्ये ३०,४०० च्या आसपास आली आणि २०२२ मध्ये २० हजारांच्या खाली उतरली. म्हणजे पाऊण शतकात दर तीन माणसांमागे दोन माणसे कमी झाली.

याची पहिली कारणे जुनी आहेत. शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून बानातमधल्या सधन शेतकरी घरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच एकच मूल होऊ देण्याची रीत पडली होती. त्यामुळे घराची संपत्ती वाचली, पण समाजाची संख्या वाढली नाही. १९६० च्या दशकात युगोस्लाव्हियाने परदेशी नोकरीसाठी दारे उघडली आणि तरुण माणसे ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वीडन आणि अमेरिकेकडे गेली. १९९० च्या दशकातली युद्धे, आर्थिक निर्बंध आणि महागाईचा उद्रेक यांनी ही रीघ वाढवली. उच्च शिक्षणासाठी तिमिशोआराला गेलेले बरेच विद्यार्थी तिकडेच स्थिरावतात. गावाबाहेर लग्ने होतात तेव्हा पुढच्या पिढीची पहिली भाषा बहुधा सर्बियन होते. यांतली प्रत्येक गोष्ट त्या त्या कुटुंबाच्या दृष्टीने समजण्याजोगी आहे, पण सगळ्यांचा एकत्रित भार गावावर पडतो. उझदिनची लोकसंख्या २००२ मध्ये अडीच हजारांच्या आसपास होती. २०११ पर्यंत ती दोन हजारांवर आली.

संख्या एका मर्यादेखाली गेली की संस्थाच डळमळतात. वर्गात पुरेशी मुले नसली तर शिक्षकाची जागा राहत नाही, शिक्षक नसला तर शाळेतला रोमानियन विभाग बंद पडतो आणि विभाग बंद पडला की मुले असलेली कुटुंबेही गाव सोडतात. म्हणून अलीकडच्या प्रयत्नांचा भर भाषेच्या सन्मानाइतकाच गावात राहणे परवडण्यावर असायला हवा, असे जाणकार सांगतात. दळणवळण, शेतमालाला भाव, गावातच मिळणारा रोजगार आणि परदेशी गेलेल्यांना परतण्याची सोय हे प्रश्न भाषेच्या प्रश्नापासून वेगळे काढता येत नाहीत.

गावातले सांस्कृतिक काम मात्र थांबलेले नाही. ‘तिबिस्कुस’ ही साहित्यिक-कलाविषयक संस्था उझदिनमधून काम करते. रोमानियन लोकसंगीताचे आणि हौशी नाटकांचे मेळावे वोयवोदिनामध्ये भरतात. ‘लिबेर्तातेया’ आजही प्रसिद्ध होते आणि नोव्ही सादच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर रोमानियन कार्यक्रम लागतात. उझदिनचा इतिहास पाहता एक गोष्ट स्पष्ट आहे : छोट्या समाजाची भाषा कायद्याच्या कलमांनी सुरक्षित होते, पण ती जिवंत ठेवायला वर्गात बसणारी मुले, गायनवृंदात उभे राहणारे आवाज आणि रुगेच्या पंगतीला परत येणारी माणसे लागतात. कायदा आज उझदिनच्या बाजूने आहे. तरुण कुटुंबांना गावात राहता येईल का, यावर पुढचे ठरणार आहे.